इंदूर हिंडत फोटोग्राफी शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा मराठी मंडळी कॅमेरे नि मोबाइल घेऊन जुन्या इंदुरात हिंडतो. कुणी रामबागेतून पायी येतं, कुणी लोकमान्य नगरातून, कुणी सुदामानगरातून स्कूटरवर. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, कॉलेजातल्या दोन मुली आहेत. एक काकू नातवाने दिलेल्या मोबाइलवरच फोटो काढतात, आणि त्यांचे फोटो आम्ही सगळ्यात जास्त वेळ बघत बसतो. नव्याने येणारी माणसं साधारण तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. चालेल का?

चालेल. पहिले तीन-चार महिने मोबाइलच वापरा असं मी सांगेन, कारण या काळात शिकायचं असतं ते बघायला, आणि त्यासाठी खिशात आहे ते यंत्र पुरतं.

मात्र मोबाइल नीट वापरा. आधी लेन्स पुसा. बोटांचं तेल लागलेलं असलं की दिव्यांभोवती धुरकट वलय येतं आणि लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात. सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा दिसतील असं करा, म्हणजे होळकरांचा राजवाडा फोटोत तिरका होणार नाही. बोटांनी ओढून झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट: ज्यावर फोकस हवा तिथे पडद्यावर बोट दाबून धरा, मग शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. फोटो जरासा गडद होतो, पांढरं फटफटीत पडलेलं आकाश परत निळं दिसायला लागतं. एवढं एक जमलं तरी महिन्याभराची मजल मारल्यासारखं आहे.

आणि कॅमेरा घ्यायचाच असेल तर?

वापरलेला घ्या. कुणा ओळखीच्याकडे पाच-सात वर्षांपूर्वीचा कॅमेरा कपाटात पडून असतोच. त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स हिंडायला छान. पुढे वाटलं तर एफ १.८ ची ३५ किंवा ५० मिमीची लेन्स घ्या. या लेन्सला झूम नसतो, पण ती प्रकाश भरपूर आत घेते, म्हणून संध्याकाळच्या सराफा बाजारात उपयोगी पडते. एक लक्षात ठेवा, सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर (आतला प्रकाश टिपणारा भाग) लहान असतो, त्यामुळे ५० मिमीची लेन्स त्यावर ७५-८० मिमीसारखी वागते. अरुंद गल्लीत मागे सरकायला गेलं की पाठीमागे भिंतच आड येते. आपल्या जुन्या बाजारांसाठी मला ३५ बरी वाटते.

घेण्याआधी लेन्स उजेडाकडे धरून आतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर ती बुरशी आहे. स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या.

ॲपर्चर, शटर, आयएसओ हे कितीदा वाचलं, डोक्यात शिरत नाही.

वाचून शिरत नाही. गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, गाड्यासमोर उभं राहून शिरतं.

थंडीत रात्री सराफ्यात या. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याचे गाडे लागतात, मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. गराडूवाल्याची कढई बघा. कंदाचे चौकोनी तुकडे तेलात पडतात, तो झारा फिरवतो, तुकडे कडक झाले की काढून ताटलीत टाकतो, वरून लिंबू पिळतो आणि दोन बोटांनी जीरावन मसाला भुरभुरतो. आता तुमच्या समोर एक पिवळा दिवा, एक हलता हात आणि वर चढणारी वाफ आहे. शिकायचं सगळं यात आलं.

हात स्पष्ट हवा असेल तर शटर जलद लागेल, १/२५० सेकंद किंवा त्याच्याही पुढे. शटर जलद म्हणजे खिडकी कमी वेळ उघडी, म्हणजे प्रकाश कमी, म्हणजे फोटो काळा. तो प्रकाश परत कुठून आणायचा? एक वाट ॲपर्चरची: लेन्सचं छिद्र मोठं करायचं, म्हणजे एफचा आकडा लहान करायचा. पण तेव्हा फक्त हात आणि कढईची कड स्पष्ट येते, मागची माणसं पुसट होतात. कधी तेच हवं असतं, कधी नसतं, कारण मागे ताटली पुढे करून उभा असलेला लहान मुलगाच खरा फोटो असतो. दुसरी वाट आयएसओची, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्या आकड्याची: तो वाढवला की अंधारातही फोटो निघतो, पण दाणे येतात, रव्यासारखे. या तिन्हींत एकाकडून घेतलं की दुसऱ्याला द्यावं लागतं.

मग उलटं करून बघा. कठड्याला कोपर टेकवून शटर १/१५ ठेवा. हाताचा पंखा होतो, वाफेची शाल होते, दुकानाची पाटी मात्र जागची हलत नाही. एकाच गाड्यासमोर उभं राहून वीस फोटो काढा, दर वेळी एकच आकडा बदला. घरी जाऊन ते शेजारी शेजारी ठेवून बघा. ज्यांना वर्षभर समजलं नव्हतं त्यांना एका रात्रीत समजलेलं मी पाहिलं आहे. आणि गराडू आधी घ्या, फोटो नंतर. गाड्यापुढची जागा गिऱ्हाइकाची असते.

रात्रीचे फोटो पिवळेजर्द येतात, नाहीतर दिव्याभोवती सगळं पांढरं पडतं.

कढईवरचा दिवा चौकटीच्या जरा बाहेर ठेवा, किंवा माणसाच्या डोक्याआड घ्या. कॅमेऱ्याला एक्स्पोजर (फोटोत येणारा एकूण प्रकाश) एक घर खाली आणायला सांगा, रात्र रात्रीसारखीच दिसू द्या. पिवळेपणासाठी व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कसा दिसावा ते ठरवणारी सेटिंग) बदलता येतो, पण पूर्ण पांढरा करू नका. सराफा पिवळाच असतो, त्या पिवळ्यानेच भूक लागते.

सुरुवात शहरातल्या कुठल्या जागेपासून करू?

राजवाड्यापासून. आणि एकदा जाऊन भागत नाही, सात वेळा जा.

राजवाडा सात मजली आहे, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला होता, पुढे तो पुन्हा उभा केला गेला. आपल्यापैकी प्रत्येकाने तो शेकडो वेळा बघितलेला असतो, खरेदीला जाताना, रिक्षातून, पार्किंग शोधताना. म्हणूनच तो नवशिक्याला फार चांगला. ताजमहालासमोर पहिल्यांदा उभं राहिलं की ताजमहालच फोटो काढून घेतो. राजवाड्याचा फोटो तुम्हाला शोधावा लागतो.

आमच्याकडे नवीन माणसाला सात रविवार देतो. पहिल्या रविवारी काहीच सांगत नाही, काय हवं ते काढा. सगळ्यांचा तोच फोटो येतो, समोरून अख्खी इमारत आणि खाली अर्धी कापलेली रिक्षा. दुसऱ्या रविवारी अख्खी इमारत काढायची नाही असा नियम. मग माणूस जवळ जातो, लाकडी झरोके दिसायला लागतात, त्यांच्या खालचे कोरीव आधार, दाराचे लोखंडी खिळे. एका रविवारी फक्त सावल्या. एका रविवारी फक्त माणसं: बागेत अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळ पेपर वाचणारे आजोबा, दाणे टाकणारी बाई, एकदम उठणारा कबुतरांचा थवा. एकदा सूर्योदयाला यायचं आणि त्याच दिवशी सूर्यास्तालाही. त्या एका दिवसात ऊन कुठून येतं, कुठल्या भिंतीवर किती वेळ थांबतं, हे जे समजतं ते पुढे कुठल्याही गावात कामी येतं.

सहाव्या-सातव्या रविवारी बहुतेक जण म्हणतात, आज काही नवीन दिसत नाही. तिथेच थांबा, घरी जाऊ नका. त्याच दिवशी पहिला आपला फोटो निघतो. बँकेतल्या काकांचं तसंच झालं. कंटाळून ते समोरच्या ओट्यावर बसले, शेजारी बांगड्यांचा गाडा लागत होता, आणि गाड्याच्या आरशात त्यांना राजवाड्याचे वरचे चार मजले दिसले, पुढे लाल-हिरव्या बांगड्यांच्या रांगा. तो फोटो आज त्यांच्या दिवाणखान्यात आहे.

उंच इमारत फोटोत मागे कलल्यासारखी का दिसते?

तुम्ही कॅमेरा वर उचललात म्हणून. कॅमेरा सरळ राहिला तर उभ्या रेघा उभ्या राहतात. त्यासाठी मागे जा, किंवा समोरच्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर परवानगी मागून चढा. गांधी हॉलवर याचा सराव करा. १९०४ मध्ये बांधलेला हा किंग एडवर्ड हॉल, १९४८ मध्ये त्याचं नाव बदललं. घड्याळाचा मनोरा, कमानी आणि पुढे मोकळी जागा, त्यामुळे मागे सरकायला भरपूर वाव आहे. फोटो काढल्यावर एडिटिंगमध्येही रेघा सरळ करता येतात, पण तेव्हा कडा कापल्या जातात, म्हणून चौकटीत थोडी जागा सोडून ठेवा.

दुपारी फोटो काढूच नये का?

इंदूर कर्कवृत्ताच्या जरासंच दक्षिणेला आहे. म्हणजे जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली सावली, भिंती सपाट. माणसाच्या चेहऱ्यासाठी ही वेळ वाईटच.

पण गल्लीबोळांसाठी वाईट नाही. कापड मार्केटमध्ये किंवा बर्तन बाजारात दुकानांवर ताडपत्र्या बांधलेल्या असतात, त्यांच्या फटींतून उन्हाचे पट्टे खाली पडतात. अशा पट्ट्यापाशी थांबा. फोटो काढायची घाई नको, कुणीतरी त्यात पाऊल टाकेपर्यंत वाट बघा. पितळी हंड्यांवरून उलटून आलेला प्रकाश दुकानदाराच्या चेहऱ्यावर खालून पडतो, तो कुठल्या स्टुडिओत मिळणार नाही. दुपारी आणखी एक करता येतं: उंबरठ्याच्या आत, सावलीत, दाराकडे तोंड करून माणसाला उभं करा. बाहेरचं ऊन मऊ होऊन आत येतं. घरच्या आजीचा फोटो काढायचा असेल तर दुपारचे अकरा आणि पुढचं दार, एवढंच लागतं.

अनोळखी माणसांचे फोटो काढू का? भीती वाटते.

ही भीती थोडी राहू द्या, ती चांगली आहे.

सुरुवातीच्या वर्षी कृष्णपुरा छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, मी एका बाईंचा फोटो काढला होता. पायरीवर बसून त्या डबा खात होत्या, मागे दगडी खांब, उजेड अतिशय सुंदर. मी लांबून, न विचारता काढला. त्यांनी बघितलं, डबा बंद केला, माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “जेवताना का काढता हो?” मी त्यांच्यासमोर तो पुसला आणि माफी मागितली. तो उजेड मला अजून आठवतो, पण त्यांनी डबा बंद केला ते जास्त आठवतं. त्यानंतर मी माणूस जवळून दिसत असेल तर विचारतोच.

विचारणं अवघड नाही. कॅमेरा खाली ठेवून आधी बोला. आपल्याकडे “भिया, एक फोटू ले लूँ?” म्हटलं की दहातले आठ जण हसून हो म्हणतात. हो म्हटल्यावर ते ताठ उभे राहतात, तो फोटोही घ्या, त्यांना तोच आवडणार असतो. मग पाच मिनिटं तिथेच राहा, त्यांचं काम परत सुरू होऊ द्या. तेव्हा तुम्हाला हवा असलेला फोटो येतो, आणि तोही त्यांच्या परवानगीने. नाही म्हणाले तर धन्यवाद म्हणून पुढे जा, मागे वळून चोरून काढू नका. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारल्याशिवाय कॅमेरा वर उचलायचा नाही. गर्दीचा, रस्त्याचा, मिरवणुकीचा दूरचा फोटो वेगळा, तिथे प्रत्येकाला विचारता येत नाही आणि कुणी अपेक्षाही करत नाही.

घरच्या माणसांचे फोटो बाहेरच्यांपेक्षा वाईट येतात. का?

आपण त्यांना उभं करतो म्हणून. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) आणि त्यांच्या राणी संयोगितादेवी यांचे मॅन रे या छायाचित्रकाराने १९३० च्या सुमारास युरोपात काढलेले फोटो जरूर बघा. राजा-राणी म्हटल्यावर सिंहासन आणि तलवार डोळ्यासमोर येते. इथे दोघं सैलावून एकमेकांना टेकलेली, तरुण नवरा-बायको दिसतात. घरी हेच करा. बाबांना “इकडे बघा” म्हणू नका, ते रेडिओचं बटण फिरवत असताना काढा.

रंगपंचमीच्या गेरमध्ये कॅमेरा नेऊ का?

न्या, पण पहिल्या वर्षी वरून बघा. होळकरांच्या काळापासून चालत आलेली ही मिरवणूक राजवाड्याभोवती येते तेव्हा यंत्रांनी गुलाल आणि रंगीत पाणी कित्येक मजले उंच उडवलं जातं, आणि काही क्षण आकाशच दिसेनासं होतं. ओळखीच्यांच्या गच्चीतून गुलालाच्या ढगामागून सूर्य येतो तो क्षण मिळतो. खाली जाणार असाल तर कॅमेऱ्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट बांधा, लेन्सपुढे साधं काचेचं फिल्टर लावा, आणि काहीही झालं तरी रस्त्यावर लेन्स बदलू नका. ओल्या रंगापेक्षा कोरडा गुलाल वाईट, तो फटीफटीत शिरतो. घरी आल्यावर आधी हवेच्या पंपाने उडवा, नंतर मऊ ब्रश, फडकं सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने केलंत तर काचेवर चरे पडतात.

अनंत चतुर्दशीच्या झाक्यांना मात्र नवशिक्याने अवश्य जावं. गिरणी कामगारांनी सुरू केलेली ही परंपरा. रात्रभर दिव्यांनी मढलेली चित्रं हळूहळू सरकत समोरून जातात, त्यामुळे चूक झाली तर सुधारायला दुसरी झाकी येतेच.

कुठे कॅमेरा बाहेर काढू नये?

काच मंदिरात आत फोटो काढू देत नाहीत. तिथे मान वर करून डोळ्यांनीच बघा, एका दिव्याची शंभर प्रतिबिंबं कशी होतात ते. महूला लष्कराची छावणी आहे, त्या हद्दीत कॅमेरा बॅगेत. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये हातात धरून फोटो काढायला सहसा अडचण येत नाही, ट्रायपॉडला मात्र आधी परवानगी लागते. दिवसाच्या सराफ्यात दागिन्यांच्या दुकानांत विचारल्याशिवाय काढू नका, तिथे प्रश्न सुरक्षेचा असतो.

क्लास लावावा का?

ऐपत असेल आणि शिकवणारा तुमचे फोटो बसून बघणारा असेल तर लावा. नुसतं आकडे फळ्यावर लिहिणारा असेल तर नको.

नोकरी, घर सांभाळून हा छंद जमतो का? माझं वय आता तिशीच्या पुढे आहे.

या प्रश्नाचं उत्तर इंदूरच्याच एका माणसाने दीडशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. लाला दीनदयाळ १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधन्यात जन्मले, रुडकीला अभियांत्रिकी शिकले आणि १८६६ मध्ये इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले. काम नकाशांचं आणि अंदाजपत्रकांचं. कॅमेरा त्यांनी हातात घेतला तो १८७४ मध्ये, म्हणजे तिसाव्या वर्षी, नोकरी चालू असताना. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं, इंदुरात त्यांचा स्टुडिओ उभा राहिला, आणि पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. राजा दीनदयाळ म्हणून सगळा देश ज्यांना ओळखतो ते हेच.

त्या काळी कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिपाई, काचेच्या प्लेटा, हे सगळं वाहून नेणारी माणसं आणि बैलगाडी. एक प्लेट वाया गेली की गेली. अशा स्थितीत माणूस डोळ्यांनी किती वेळ बघत असेल, कळ दाबण्याआधी? त्यांनी काढलेले मध्य भारतातल्या किल्ल्यांचे आणि मंदिरांचे फोटो बघताना मला नेहमी वाटतं की इमारतीचे नकाशे काढण्याची सवय त्यांच्या डोळ्यात होती. तुमच्या नोकरीनेही तुमच्या डोळ्याला काहीतरी दिलेलं असतं. आमच्यातल्या एक शिक्षिका मुलांच्या हातांचे फोटो काढतात, कारण वीस वर्षं त्यांनी पेन्सिल धरणारे हातच बघितले आहेत.

इंदूरच्या बाहेर पहिला प्रवास कुठला करावा?

महेश्वर. साधारण नव्वद किलोमीटर, पहाटे निघालं तर ऊन चढायच्या आत घाटावर.

महेश्वरचा किल्ला नर्मदेच्या उत्तर काठावर आहे आणि घाट दक्षिणेकडे तोंड करून बसले आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे सकाळी एका बाजूने आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूने ऊन दगडांवर तिरपं पडतं. तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं. हत्ती, वेली, बारीक नक्षी, सगळ्याला सावलीची काळी रेघ मिळते. सकाळी नावेत बसून पाण्यावरून किल्ला काढा, संध्याकाळी पायऱ्यांवर बसून पाणी काढा. मधल्या वेळात हातमागावर जा. विणकराच्या घरात साधारणपणे एकाच खिडकीतून उजेड येतो, तो ताण्याच्या धाग्यांवर पडतो आणि धागे तारांसारखे चमकतात. विचारून जा, धोट्याची लय मोडू नका, आणि फ्लॅश अजिबात नको.

मांडू पावसाळ्यात. जहाज महालाच्या दोन्ही बाजूंना तलाव आहेत, ते भरले की नावाचा अर्थ समजतो. ढग खाली उतरले की रूपमती मंडपातून काहीच दिसत नाही, आणि फोटोही तोच असतो. धुक्यात कॅमेरा गोंधळून सगळं राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर एक घर वर न्या. खुरासानी चिंचेची (बाओबाबची) जाडजूड झाडंही बघा, शेजारी माणूस उभा केल्याशिवाय त्यांचा आकार फोटोत येत नाही.

पातालपाणी धबधब्याला जाणार असाल तर एकच सांगणं: पाण्यात उतरून फोटो काढू नका. वर पाऊस झाला की पाणी क्षणात वाढतं, आणि तिथे माणसं गेली आहेत.

पक्ष्यांची आवड असेल तर लांब जायची गरज नाही. शहरातलाच सिरपूर तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आला. हिवाळ्यात सकाळी सातला काठावर शांत बसा. मोबाइलवर पक्षी ठिपक्याएवढा येतो, येऊ द्या. धुकं, पाणी, एक नाव आणि एक ठिपका, एवढ्याचाही फोटो होतो.

प्रवासात किती सामान न्यावं?

एक कॅमेरा, एक लेन्स, जास्तीची एक बॅटरी, दोन कार्डं, मोठा रुमाल आणि पाण्याची बाटली. घरी ठेवलेल्या लेन्सची आठवण पहिल्या तासात येते, मग येत नाही. खांदा दुखायला लागला की डोळे बघणं थांबवतात.

पावसाळ्यात कॅमेरा कसा सांभाळायचा?

बंद बॅगेत कोंडून ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि दर आठवड्याला काढून वापरा. बुरशीला अंधार, ओल आणि विसरलेली वस्तू आवडते.

एडिटिंग किती करावं?

तिरकं सरळ करा, कडेचा कचरा कापा, उजेड-सावली थोडी नीट करा. आकाश बदलू नका. मांडूचं आकाश त्या दिवशी पांढरं होतं तर ते पांढरंच होतं. कॅमेऱ्यात रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल) हा पर्याय असेल तर तो आणि जेपेग (नेहमीची तयार फोटो-फाइल) दोन्ही ठेवा. जेपेग लगेच सगळ्यांना पाठवायला, रॉ वर्षभराने तुमचा हात बसल्यावर परत उघडायला.

हजारो फोटो साठले आहेत. काय करू?

त्याच रात्री बघू नका. त्या दिवशी जे कष्ट झाले ते फोटोत दिसायला लागतात आणि वाईट फोटोही चांगला वाटतो. आठवड्याने बघा, एका फेरीतले फार तर पाच ठेवा. ते पाच दोन ठिकाणी जपा, त्यातली एक प्रत घराबाहेर किंवा क्लाउडवर असू द्या. माझी एक हार्ड डिस्क बंद पडली, दुरुस्तीला दिली आणि कोरी होऊन परत आली. त्यात माझ्या आजीचे शेवटच्या दिवाळीचे फोटो होते. आत्ता हे वाचत असाल तर आधी उठून घरच्यांच्या फोटोंची दुसरी प्रत करा, मग पुढचं वाचा.

फोटोंचं पुढे काय करायचं? स्पर्धेत पाठवू का?

पाठवा, मनाई नाही. पण त्याआधी छापा. चार बाय सहाचा प्रिंट अगदी थोड्या पैशांत निघतो. कागदावर फोटोतल्या चुकाही नीट दिसतात, पडद्यावर सगळंच चकाकतं.

आणि ज्यांचा फोटो काढला त्यांना प्रिंट नेऊन द्या. आमच्या गटात हा एकच नियम कडक आहे. ज्या गराडूवाल्यांसमोर आम्ही शटर शिकलो, त्यांचा फोटो काकूंनी छापून नेला. त्यांनी हात पुसले, फोटो दिव्याखाली धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, “और एक बनेगी? गाँव भेजनी है, माँ ने मुझे काम करते देखा नहीं.” काकूंनी पुढच्या रविवारी तीन नेले.

पहिल्या दिवशी काय घेऊन येऊ?

चार्ज केलेला मोबाइल, आरामाचे बूट आणि रिकामं पोट. सकाळी साडेसहाला राजवाड्याच्या बागेपाशी जमतो, ऊन वर चढेपर्यंत हिंडतो, मग कृष्णपुऱ्याच्या बाजूने चालत जाऊन पोहे-जलेबी खातो आणि तिथेच एकमेकांचे फोटो बघतो. थंडीत येणार असाल तर स्वेटर घाला, नदीकाठी गार असतं.